ऑस्ट्रेलियात सुतारकाम शिकायला जावे का? खानापूरच्या एका तरुणाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही खानापूर तालुक्यातले, वय २४, पीयूसी (बारावी) झालेले, आणि शिक्षण सुटल्यापासून वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्यात काम करत आहात. बेळगावातील एका एजंटाने तुम्हाला ऑस्ट्रेलियातील ‘सर्टिफिकेट थ्री इन कार्पेंट्री’ हे सुतारकामाचे प्रमाणपत्र आणि त्याला जोडून बांधकामाचा डिप्लोमा असा दोन वर्षांचा जोडकोर्स सुचवला आहे. तिकडे सुतारांची टंचाई असल्यामुळे कोर्स संपला की पीआर (कायम वास्तव्य) होऊनच जाते, असेही त्याने सांगितले आहे. वडील शेत तारण ठेवायला तयार आहेत आणि आई तयार नाही. जावे की न जावे, एवढेच तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते यात एक नव्हे, तीन प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. तिकडचा सुतार जे काम करतो ते तुम्हाला आवडेल आणि जमेल का, हा पहिला. त्या कागदाला तिथला मालक किती मान देतो, हा दुसरा. आणि त्या कागदावर तिथे राहता येते का, हा तिसरा. एजंट तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण विकला जातो तो तोच. मी हा कोर्स करून मेलबर्नच्या आसपास घरबांधणीच्या साइटवर काम केले आहे, आता बेळगावच्या उद्यमबागेत माझे स्वतःचे दारे-खिडक्यांचे युनिट आहे, आणि ऑफर लेटर हातात घेऊन मुले माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांच्याशी पहिल्या प्रश्नापासूनच बोलतो.

तुम्ही वडिलांकडे जे शिकलात, म्हणजे कपाटे, पलंग, प्लायवूडवर सनमायका चिकटवणे, मॉड्युलर किचन, हे सगळे काम ऑस्ट्रेलियात कार्पेंटर करत नाही. ते कॅबिनेट मेकर करतो, त्याचा व्यवसाय वेगळा मानला जातो आणि त्याचे सर्टिफिकेट थ्रीसुद्धा वेगळे आहे. कार्पेंटर म्हणजे प्रामुख्याने घर उभे करणारा माणूस. तिथली बहुतेक घरे विटांची दिसली तरी वीट फक्त बाहेरचे आवरण असते. आतला भार लाकडी सांगाडा घेतो. तो सांगाडा, छप्पर, जमिनीखालच्या तुळया, काँक्रीटसाठीचे सेंटरिंग, आणि शेवटी दारे, चौकटी व पट्ट्या बसवणे हे कार्पेंटरचे काम. म्हणजे आपल्याकडे जे सेंटरिंगवाला, छपराचा मेस्त्री आणि दारे बसवणारा सुतार असे तिघेजण करतात, ते तिकडे एकाच्या वाट्याला येते आणि कपाटे मात्र त्याच्याकडून काढून घेतली जातात. तुमचे मन बारीक कामात, रंध्यात आणि पॉलिशमध्ये रमत असेल तर हा कोर्स तुमच्यासाठी नाही. तुम्ही कॅबिनेट मेकिंगची चौकशी केली पाहिजे. एजंटाने हा फरक सांगितला नसेल तर त्याला तो माहीत नसावा, किंवा कमिशन देणाऱ्या कॉलेजात दुसरा कोर्स नसावा.

काम कसे चालते त्याचा एक नमुना देतो. भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा करून जोडतात. ९० बाय ३५ किंवा ९० बाय ४५ मिलिमीटरच्या पाइनच्या पट्ट्या असतात. खालची आणि वरची प्लेट शेजारी-शेजारी ठेवून दोन्हींवर एकदमच गुण्याने (काटकोनाच्या पट्टीने) खुणा करायच्या, म्हणजे वरची आणि खालची खूण कधी चुकत नाही. स्टड, म्हणजे उभ्या पट्ट्या, ४५० किंवा ६०० मिलिमीटरच्या अंतराने येतात, कारण पुढे ठोकल्या जाणाऱ्या जिप्सम बोर्डाला त्याच अंतरावर आधार मिळायला हवा. खिडकीच्या डोक्यावर लिंटेल, बाजूला जोडस्टड, मध्ये आडव्या ठोकळ्या, आणि मग कोनाकोन माप. दोन्ही कर्ण सारखे भरले की सांगाडा काटकोनात आला. त्याशिवाय ब्रेसिंग (तिरके आधार) ठोकायचे नाही. चौकट ताडून पाहताना तुमचे वडीलही हेच करत असतील, फरक आकाराचा आणि वेगाचा आहे. नेलगन (खिळे ठोकणारे यंत्र) चालवणारा माणूस थांबलेला मालकाला परवडत नाही, त्यामुळे खुणा करणाऱ्याचा हात आणि डोके दोन्ही चालावे लागते.

मापाची सवय हा आपल्या मुलांना पहिल्या दिवशी लागणारा अडथळा असतो. आपल्याकडे फूट, इंच आणि सूत चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जवळजवळ ३ मिलिमीटर. तिथल्या बांधकामाच्या नकाशावर सेंटिमीटरसुद्धा नसतो, सहा मीटरची भिंत नुसती ६००० अशी लिहिलेली असते. आजच टेपची इंचाची बाजू बघणे बंद करा. त्याला पैसे लागत नाहीत.

छपराबद्दल थोडे विषयांतर करतो. आता तिकडे बहुतेक नव्या घरांना कारखान्यात तयार झालेल्या ट्रस (छपराच्या लाकडी कैच्या) येतात, पण कोर्समध्ये वाशांचे उतरते छप्पर शिकवतातच, आणि जुन्या घरांची वाढीव बांधकामे करणाऱ्या मालकाकडे त्याच कामाला किंमत असते. आढे, वासे, भिंतीवरची तुळई, वाशाला बसकण मिळावी म्हणून केलेली खाच, चढ आणि पसारा यांवरून वाशाची लांबी काढणे, हे ज्ञान जांबोटी, कणकुंबी भागात कौलारू घरे बांधणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडे आजही आहे. त्यातला एखादा मेस्त्री तुम्हाला कदाचित नावाने ओळखतही असेल. त्याच्या हाताखाली एक उन्हाळा काढलात तर दोन सत्रांचे काम निम्मे सोपे होईल.

आता कागदाच्या किमतीविषयी. ऑस्ट्रेलियन मुलगा सुतार होतो तो ॲप्रेंटिसशिप करून. साधारण चार वर्षे तो मालकाकडे पगारावर काम करतो, अधूनमधून कॉलेजला जातो, आणि शेवटी त्याला सर्टिफिकेट थ्री मिळते. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला सहसा ही वाट मिळत नाही. त्याच्यासाठी तेच सर्टिफिकेट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, फी भरून, बऱ्याच कमी काळात पूर्ण होते. दोघांच्या कागदावर नाव एकच असले तरी मालकाला फरक माहीत असतो. कॉलेजमधून आलेल्या मुलाकडे तो दुसऱ्या वर्षाचा ॲप्रेंटिस म्हणून पाहतो, आणि खरे सांगायचे तर ते अन्यायाचे नाही, कारण वर्कशॉपमधल्या सपाट काँक्रीटवर सांगाडा उभारणे आणि पावसात, उतारावर, चिखलात तो उभारणे या गोष्टी वेगळ्या आहेत. हा फरक भरून निघतो तो साइटवरच्या तासांनी.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे केंद्र तास हे आहे. कोर्स झाल्यावर तात्पुरत्या पदवीधर व्हिसासाठी, म्हणजे सबक्लास ४८५ च्या व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवाहासाठी, ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेकडून आधी प्राथमिक कौशल्य मूल्यांकन घ्यावे लागते. त्यासाठी सर्टिफिकेटबरोबर सुतारकामातल्या निदान ३६० तासांच्या कामाचा किंवा प्लेसमेंटचा (कोर्सचा भाग म्हणून साइटवर केलेल्या कामाचा) पुरावा द्यावा लागतो. पुढे कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा तर याच संस्थेच्या ‘जॉब रेडी प्रोग्रॅम’मधून सहसा जावे लागते : किमान १२ महिन्यांत किमान १,७२५ तास पगारी काम, मग परीक्षक प्रत्यक्ष साइटवर येऊन काम बघतो, आणि त्यानंतर अंतिम मूल्यांकन. त्या तासांसाठी तुम्हाला पगाराच्या स्लिपा देणारा, करारावर सही करणारा आणि परीक्षकाला साइटवर येऊ देणारा मालक लागतो. रोखीत पैसे देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे केलेले काम पोट भरते, पण या हिशोबात ते शून्य असते.

कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच पगारी काम करता येते. हा नियम १ जुलै २०२३ पासून आहे. कोर्सचा नोंदलेला भाग असलेली प्लेसमेंट या ४८ तासांत धरली जात नाही, आणि म्हणूनच ती कॉलेज स्वतः लावून देते की तुम्हालाच शोधायला सांगते, हा प्रश्न फीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. साइटवर पाऊल ठेवण्याआधी व्हाइट कार्ड नावाचे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते, ते सोपे आहे. माझा आग्रह एवढाच, की या ४८ तासांत हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा कमी पैसे मिळाले तरी साइटवर मजूर म्हणून जा. लाकूड वाहणारा मुलगा दोन महिन्यांत नेलगन हातात घेतो, आणि ४८५ व्हिसा लागताच त्याच मालकाकडे त्याचे १,७२५ तास सुरू होतात.

आता तिसरा प्रश्न. ४८५ च्या या प्रवाहात अर्ज करताना वय ३५ पर्यंत असावे लागते आणि साधारण १८ महिने राहता येते. त्याला ऑस्ट्रेलियातले किमान ९२ आठवड्यांचे नोंदणीकृत शिक्षण लागते. तुमच्या एजंटाने डिप्लोमा जोडला आहे तो याच हिशोबाने, आणि त्यात गैर काही नाही, फक्त तो डिप्लोमा बांधकामाचाच असावा. स्वस्त म्हणून बिझनेसचा डिप्लोमा चिकटवला तर तो सुतारकामाशी निगडित ठरत नाही आणि ते आठवडे वाया जातात. विद्यार्थी व्हिसासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.० आणि ४८५ साठी ६.५ हे निकष मार्च २०२४ पासून आहेत, म्हणजे साइटवर काम करता करता इंग्रजी वाढवायलाच हवे. त्यापुढे कंपनीने प्रायोजित केलेला व्हिसा किंवा गुणांवर मिळणारा व्हिसा असे दोन मार्ग राहतात. प्रायोजित व्हिसासाठी कौशल्यांची जी यादी डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाली तिच्यात कार्पेंटर आहे, आणि एक वर्षाचा अनुभव पुरतो; ही तुमच्या बाजूची खरीखुरी गोष्ट. गुणांच्या मार्गात ६५ गुण ही अर्ज करण्याची पात्रता आहे, निमंत्रणाची हमी नाही. ‘होऊनच जाते’ हे वाक्य मात्र यातल्या कुठल्याही नियमात बसत नाही. तिकडचे बरेच नियम आणि फी १ जुलैला, म्हणजे त्यांच्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा.

पैशांचे गणित घरात बसून मांडा. विद्यार्थी व्हिसाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. एका वर्षाच्या राहण्याच्या खर्चापोटी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, हा आकडा मे २०२४ पासूनचा. डॉलरचा भाव ५५ ते ६० रुपये धरला तर फक्त हीच रक्कम साधारण सव्वासोळा ते अठरा लाखांच्या घरात जाते. कॉलेजची पहिल्या वर्षाची फी, आरोग्य विमा आणि प्रवास त्याच्यावर. यातली राहण्याची रक्कम खर्च होते ती तिथे, आणि पंधरवड्याच्या ४८ तासांतून काही अंशी भरून निघते, पण फी भरून निघत नाही.

तुमच्या आईचे म्हणणे इथे मला पटते. बँका शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमिनीवर सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जापोटी बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा) चालत नसल्यामुळे ती तारण घ्यायला त्या नाखूश असतात. घर, बिगरशेती जागा किंवा मुदत ठेव त्यांना बरी वाटते. म्हणजे शेतावर पैसे उभे करायचे तर बहुधा खासगी सावकाराकडे जावे लागेल, आणि त्याच्या व्याजाने दोन वर्षांत हा सगळा हिशोब उलटा होईल. घर किंवा प्लॉट तारण देता येत असेल तर बँकेत जा. शेतावर सावकारी कर्ज काढायचे असेल तर जाऊ नका, हे मी स्पष्ट लिहितो.

आपल्या भागातली आणखी एक अडचण कागदांची. एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर नाव एका पद्धतीने, बरेचदा आद्याक्षरांसह, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले स्पेलिंग, आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासह आडनाव, असे एकाच माणसाचे तीन अवतार दिसतात. शेताचा उतारा, घरपट्टीची पावती हे कन्नडमध्ये; त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. ही कामे पैसे भरण्याआधी करा. ऑफर लेटर आल्यावर तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारणाऱ्याचे सत्र चुकते.

कॉलेज निवडताना पहिली गोष्ट, त्या संस्थेची आणि त्या नेमक्या कोर्सची क्रिकोस या सरकारी यादीत नोंद आहे का ते स्वतः शोधा. सध्याच्या सर्टिफिकेटचा सांकेतिक क्रमांक सीपीसी३०२२० आहे. एजंटाच्या कागदावर दुसरा क्रमांक दिसला तर विचारा. २०२४ च्या अखेरीपासून तिथल्या नियामक संस्थेने काही बंद केलेल्या खासगी संस्थांची हजारो प्रमाणपत्रे रद्द केली, कारण शिकवणे आणि परीक्षा खऱ्या झाल्याचा भरवसा उरला नव्हता. कॉलेज बंद पडले तर फीच्या संरक्षणाची सरकारी योजना आहे, पण गेलेले वर्ष परत देणारी योजना नाही. म्हणून टेफसारख्या सरकारी संस्थेची फी जास्त असली तरी आधी तिथे अर्ज करा. खासगी कॉलेज घ्यायचेच असेल तर वर्कशॉपचा व्हिडिओ कॉल मागा. तिथे मुले खरेच छप्पर उभे करत आहेत की कोपऱ्यात दोन करवती आणि भिंतीवर फलक आहेत, हे दहा मिनिटांत कळते. प्लेसमेंटचे तास किती, ते कोण लावतो, गेल्या तुकडीतल्या मुलांशी बोलता येईल का, हे लेखी विचारा. आणि एजंट कितीही ओळखीचा असो, प्रवेशाचे काम करणारा आणि ऑस्ट्रेलियन व्हिसाचा सल्ला देण्याचा परवाना असलेला असे दोन वेगळे लोक असतात. दुसऱ्याचा नोंदणी क्रमांक तिथल्या सरकारी नोंदवहीत तपासता येतो.

तुम्ही विचारले नाही, पण सांगणे योग्य वाटते : जर्मनीतली दुहेरी पद्धतीची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकण्याचे प्रशिक्षण. सुतार-जोडकाम करणारा टिशलर किंवा छपरे उभारणारा त्सिमरर, दोन्ही तीन वर्षांचे. मालकाकडे काम, जोडीला सरकारी शाळा, फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन. २०२५ मध्ये सुरू झालेल्यांसाठी पहिल्या वर्षाचे कायदेशीर किमान ६८२ युरो. अट एकच मोठी, बी वन या मध्यम पातळीपर्यंत जर्मन भाषा, आणि ती पुण्याला राहून वर्ष-दीड वर्षात होते. तिथे प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला दोन वर्षे कुशल कामगार म्हणून काम केल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तुमच्या फर्निचरच्या हाताला टिशलर अधिक जवळचा आहे, आणि घरावर कर्जाचा डोंगर होत नाही. भाषा शिकण्याचा कंटाळा नसेल तर तुमच्या जागी मी आधी ही वाट तपासली असती.

आता निर्णय. तुमचे हात फर्निचरचे आहेत, पैसा शेताचा आहे आणि माहिती एका एजंटाची आहे. या तीन गोष्टी आज जशा आहेत तशा ठेवून या सत्राला जाऊ नये, असे माझे मत आहे. एक वर्ष थांबा, पण रिकामे थांबू नका. सहा महिने सेंटरिंगवाल्याबरोबर आणि छपराच्या मेस्त्रीबरोबर काढा, म्हणजे उन्हात, उंचीवर, दिवसभर लाकूड उचलण्याचे काम तुम्हाला हवे आहे की नको ते इथेच कळेल. शक्य असेल तर सरकारी आयटीआयचा एक वर्षाचा कार्पेंटर ट्रेड करा. तो इंग्रजी नकाशा वाचायला लावतो आणि व्हिसाच्या अर्जात तुमचा हेतू खरा असल्याचे दाखवतो. आयईएलटीएस द्या. आणि वडिलांना सांगून या महिन्यापासून तुमचा पगार बँकेत जमा करून घ्या, हजेरी आणि कामाची बिले तुमच्या नावासह ठेवा, केलेल्या कामाचे फोटो तारखेसह जपा. कारण अनुभवी कारागिराला कोर्स न करता भारतातूनच कौशल्य मूल्यांकन करून घेण्याची वाट आहे, कागद पुरेसे झाले तर दोन वर्षांची फी वाचते, आणि आज तुमचा जो अनुभव आहे त्याचा बँकेच्या पासबुकात एक आकडाही दिसत नसावा.

हे सगळे करून पुढच्या वर्षीही जावेसे वाटले, तर ऑफर लेटर, कोर्सचा क्रमांक आणि प्लेसमेंटबद्दल कॉलेजने दिलेले लेखी उत्तर मला पाठवा. फी भरण्याआधी पाठवा, नंतर नको.